बांधणी: टोमॅटोची आणि विषाणूची

गिरणारे, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत. खरीप टोमॅटोचा हंगाम भरात आला की नाशिकच्या या पट्ट्यातल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर एक वाक्य ऐकू येतं: ‘प्लॉटला व्हायरस आला.’ पुढचा प्रश्नही ठरलेला. ‘औषध कोणतं मारू?’

बुरशीनाशक मारलं की बुरशीच्या चालू कारभारात बिघाड होतो. विषाणूच्या कणात बिघडण्यासारखं काही चालूच नसतं. ना श्वास, ना पचन, ना वाढ. आनुवंशिक मजकुराची एक पट्टी आणि तिच्याभोवती प्रथिनाचं कवच, एवढाच संसार. पेशीत शिरल्यावर कवच सुटतं आणि बाकीचं सगळं काम झाडाच्याच यंत्रणेकडून करून घेतलं जातं. म्हणून पेशीबाहेरच्या विषाणूचं काही बिघडवायचं असेल तर एकच गोष्ट हाती लागते, ती म्हणजे त्या कणाची बांधणी. आणि ती प्रत्येकाची वेगळी. एकाच प्लॉटमध्ये हाताने पसरणारा, माव्याने पसरणारा, पांढऱ्या माशीने पसरणारा आणि फुलकिड्याने पसरणारा असे चार विषाणू असू शकतात, आणि कोण कशाने पसरतो याचं उत्तर बऱ्याच अंशी त्याच्या कवचात लिहिलेलं असतं.

कवचाची अडचण अशी की त्याला दोन उलटी कामं करायची असतात. बाहेर ऊन, वारा, किड्याची लाळ, आतली पट्टी कापणारी विकरं, या सगळ्यांना पुरून उरेल इतकं घट्ट बसायचं. आणि पेशीत गेल्याबरोबर, कुणी चावी न फिरवता, सुटायचं. घट्टपणा कुठून येतो आणि सुटण्याची खूण कोणती, हे कळलं की साबण कुठे चालतो, सोडा कुठे चालतो आणि जाळीशिवाय इलाज कुठे नाही, तेही कळतं.

आधी मापं डोळ्यांसमोर आणू. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. सगळं जग दहा लाख पट फुगवलं तर एका नॅनोमीटरचा एक मिलिमीटर होतो. मग तंबाखू मोझॅक विषाणू आणि त्याचा सख्खा भाऊ टोमॅटो मोझॅक विषाणू ही ३० सेंटिमीटर लांब आणि १८ मिलिमीटर जाड कांडी होते. लांबीला शाळेतली फूटपट्टी, जाडीला निर्यातीच्या द्राक्षाचा मणी. काकडी मोझॅक विषाणू २९ मिलिमीटरचा, लहान लिंबाएवढा. पर्णगुच्छ आणणारा लीफ कर्ल विषाणू म्हणजे एकमेकांना चिकटलेले दोन मणी, २२ बाय ३८ मिलिमीटर. फुलकिड्याने येणारा टॉस्पो ८ ते १२ सेंटिमीटरचा, मोसंबीच्या मापाचा. याच हिशोबात एक मिलिमीटरची पांढरी माशी एक किलोमीटर लांब होते.

आता विटांचा हिशोब. कवच एकाच मोठ्या प्रथिनाचं का नसतं? कारण मजकूर पुरत नाही. मजकुराची तीन अक्षरं मिळून प्रथिनाचा एक अमिनो आम्लाचा दुवा ठरतो. तंबाखू मोझॅकच्या आरएनएत, म्हणजे त्याच्या मजकुराच्या पट्टीत, ६,३९५ अक्षरं आहेत. ती सगळी एकाच प्रथिनावर खर्च केली तरी सुमारे २,१३० दुव्यांचं, म्हणजे साधारण २ लाख ३० हजार डाल्टन (रेणूंच्या वजनाचं एकक) वजनाचं प्रथिन होईल. प्रत्यक्षात कवचाचं वजन पावणेचार कोटी डाल्टनच्या घरात आहे, दीडशे पटींहून जास्त. म्हणून विषाणू एकच लहान वीट लिहून ठेवतो, १५८ दुव्यांची, आणि तिच्या २,१३० प्रती काढतो. विटेच्या मजकुराला पाचशेहून कमी अक्षरं लागतात. बाकीची जागा नकला काढणाऱ्या यंत्रणेला आणि पेशीतून पेशीत जाण्याच्या सोयीला मोकळी राहते. लहान विषाणूंची कवचं एकसारख्या घटकांची असणार, हे क्रिक आणि वॉटसन यांनी १९५६ मध्ये याच काटकसरीच्या तर्कावरून मांडलं होतं.

एकसारख्या विटा रचायच्या तर सोप्या रचना दोनच: गोल जिना, नाहीतर चेंडू.

तंबाखू मोझॅक हा जिना आहे. एका फेऱ्यात १६ पूर्णांक एक तृतीयांश विटा, म्हणजे तीन फेऱ्यांत ४९. दोन फेऱ्यांमधलं अंतर २.३ नॅनोमीटर, एकूण फेरे सुमारे १३०. मधून आरपार ४ नॅनोमीटरचं भोक. आरएनए त्या भोकात सैल पडलेला नसतो. तो विटांच्या थरांमध्ये, अक्षापासून ४ नॅनोमीटरवर, जिन्याबरोबरच वळत जातो, आणि प्रत्येक वीट त्याची नेमकी तीन अक्षरं धरते. ही जागा क्ष-किरणांनी दाखवून दिली ती रोझालिंड फ्रँकलिन यांनी. कांडीची लांबी कोण ठरवतं, याचं उत्तरही इथेच मिळतं. पट्टी जेवढी लांब, तेवढी कांडी. पट्टी तुटकी असेल तर कांडी आखूड.

हा विषाणू १९३५ मध्ये वेंडेल स्टॅन्ले यांनी स्फटिकासारखा वेगळा केला. त्यात आरएनए आहे हे थोड्याच काळाने बॉडेन आणि पिरी यांच्या कामातून स्पष्ट झालं. १९५५ मध्ये फ्रेंकेल-कॉनराट आणि विल्यम्स यांनी त्याचं प्रथिन आणि आरएनए सुटे केले, परत एकत्र मिसळले, आणि रोग लावू शकणाऱ्या कांड्या पुन्हा उभ्या राहिल्या. आराखडा नाही, गवंडी नाही. विटेचा आकारच आराखडा.

हा प्रयोग महाविद्यालयाच्या बऱ्यापैकी प्रयोगशाळेत जमण्यासारखा आहे आणि माणसाला त्याचा धोका नाही. फसतो मात्र ठरलेल्या जागी. रोगट पानं पीएच ७.२ च्या फॉस्फेट द्रावणात थोडं मर्कॅप्टोइथेनॉल घालून वाटायची. गाळलेल्या रसात १०० मिलिलिटरला ८ मिलिलिटर ब्युटेनॉल घातलं की हिरवा गाळ साकळतो आणि सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसतो. वरच्या स्वच्छ द्रावणात शेकडा ४ पॉलिइथिलीन ग्लायकॉल घातलं की विषाणू खाली येतो. तो विरघळवून २६० आणि २८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचं शोषण मोजायचं. गुणोत्तर १.२ च्या आसपास आलं तर माल चांगला. ०.६ कडे झुकलं तर हातात नुसतं प्रथिन आहे.

मग एका भागातून आरएनए काढायचा, फिनॉलने. दुसऱ्या भागातून प्रथिन: एक भाग विषाणू आणि दोन भाग ग्लेशियल ॲसिटिक आम्ल, बर्फात अर्धा तास. आरएनए खाली बसतो, प्रथिन वर राहतं, ते डायलिसिसने स्वच्छ करायचं. यापुढची चूक जवळपास प्रत्येक जण करतो. प्रथिन चार अंशांवर ठेवतो आणि थंडच वापरतो. थंडीत या विटा सुट्या किंवा चार-पाचच्या झुपक्यात राहतात. पीएच ७ च्या आसपास, ०.१ आयनिक तीव्रतेत, २० अंशांवर रात्रभर ठेवलं तर त्यांच्या चकत्या होतात: दोन थर, प्रत्येकी १७, एकूण ३४ विटा. उबेत जमणं आणि थंडीत सुटणं हे आपल्याला तुपाच्या उलट वाटतं. कारण असं की विटांच्या तेलकट बाजूंना पाण्याचे रेणू शिस्तीत चिकटलेले असतात. दोन विटा जवळ आल्या की ते मोकळे होतात, आणि पाणी मोकळं होण्याचा हा फायदा तापमानाबरोबर वाढतो.

पीएच हा दुसरा खड्डा. तो ५ कडे उतरला तर विटा आरएनएची वाट न बघता आपल्याआपण लांबच लांब कांड्या करतात. सूक्ष्मदर्शकाखाली प्रयोग यशस्वी दिसतो आणि पानावर चोळला की एकही डाग पडत नाही, कारण कांड्या पोकळ आहेत. पीएच ८ च्या वर गेला तर चकत्याच बनत नाहीत. तिसरा खड्डा म्हणजे आपलं बोट. बोटावरच्या विकराने आरएनए चिरला जातो आणि ३०० नॅनोमीटरऐवजी सगळीकडे तुकडे दिसतात.

पीएचवर इतकं अवलंबून असण्यामागे गंमत आहे. शेजारशेजारच्या विटांवर ऋणभाराच्या जोड्या समोरासमोर येतात आणि एकमेकींना ढकलतात. आम्ल वाढलं की तो भार झाकला जातो आणि विटा बिलगतात. कॅल्शियमही तेच काम करतं, दोघींच्या मध्ये बसून. पेशीबाहेर कॅल्शियम भरपूर, पेशीच्या आत हजारो पटींनी कमी. पेशीत शिरल्यावर ही कुलपं सैल होतात, कांडीच्या एका टोकाच्या थोड्या विटा गळतात, आरएनएचं टोक उघडं पडतं आणि झाडाचा रायबोसोम, म्हणजे मजकूर वाचून प्रथिन बनवणारं पेशीतलं यंत्र, त्याला येऊन चिकटतो. तो मजकूर वाचत पुढे सरकतो तशा पुढच्या विटा निघत जातात. सोलण्याचं काम वाचणाराच करतो!

जुळणीची सुरुवात मात्र टोकापासून होत नाही. आरएनएच्या शेपटाकडून साधारण हजार अक्षरं आत एक खास वळसा आहे. तो वळसा चकतीच्या भोकात शिरतो, थरांमध्ये अडकतो, आणि चकती वळून जिन्याच्या पहिल्या फेऱ्यांत बदलते. (चकती हीच खरी पहिली पायरी की जिन्याचाच छोटा तुकडा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.) पुढे नव्या विटा एका बाजूने बसत जातात आणि आरएनएची लांब बाजू भोकातून ओढली जाऊन वर वळशावर वळसा पडत जातो. टोमॅटोच्या बांधणीत सुतळी पुढे-मागे नेत फांदी तारेला धरतात, काहीसं तसं. पेशीत हजारो आरएनए तरंगत असताना नेमका विषाणूचाच का बांधला जातो, याचं कारण तो वळसा. झाडाच्या आरएनएत तो नसतो.

या सगळ्याचा प्लॉटशी संबंध असा. ही कांडी चरबीविना, आरएनए थराथरांत शिवलेली, आणि विटांची पकड इतकी पक्की की रस दहा मिनिटं नव्वद अंशांच्या आसपास तापवल्याखेरीज रोगकारकता जात नाही. वाळलेल्या पानात ती वर्षानुवर्षं टिकते. त्यामुळे तंबाखू मळलेला हात, मागच्या हंगामाची सुतळी, न धुतलेले ट्रे, शेंडा खुडणारी नखं, ही सगळी तिची वाहनं. अल्कोहोलच्या सॅनिटायझरचा इथे फारसा उपयोग नाही. अल्कोहोल विरघळवतं ती चरबी, आणि इथे चरबीच नाही. साबण-पाणी उपयोगी पडतं ते विषाणूला मोडतं म्हणून नाही, हातावरून वाहून नेतं म्हणून. त्यामुळे घासण्याचा वेळ महत्त्वाचा. रोपवाटिकेत साय काढलेल्या दुधाच्या पावडरीचं शेकडा २० द्रावण, म्हणजे लिटरला २०० ग्रॅम, हात बुडवायला ठेवतात. दुधातली प्रथिनं कणांना वेढून टाकतात आणि ते पानाच्या ओरखड्यात रुजत नाहीत.

बियाण्याच्या सालीवरच्या विषाणूसाठी ट्रायसोडियम फॉस्फेट, लिटरला १०० ग्रॅम, पंधरा ते वीस मिनिटं, आणि मग वाहत्या पाण्यात भरपूर धुणं. हे द्रावण खूप अल्कधर्मी असतं. वर सांगितलेल्या ऋणभारांची ढकलाढकल त्यात इतकी वाढते की कांडी उकलते आणि उघडा पडलेला आरएनए अल्कात टिकत नाही. धुणं कमी पडलं तर उगवण मार खाते. हातमोजे घालावेत, कातडी सोलते. आणि कंपनीने आधीच लेप दिलेल्या बियाण्याला हा उद्योग करू नये, लेप जातो.

जिन्याच्या उलट तऱ्हा जीवाणूंवरच्या फाज विषाणूंची. ते आधी रिकामा डबा बांधतात, आतून तात्पुरता सांगाडा लावून, आणि मग एका कोपऱ्यातल्या मोटारीने डीएनए ठासून भरतात.  फाज सोडून देऊ. टोमॅटोत असलं काही नाही.

चेंडूकडे येऊ. पूर्ण सममित चेंडूत एकसारख्या जागा ६० पेक्षा जास्त बसत नाहीत. तेवढ्यात लहान मजकूरच मावतो. १९६२ मध्ये कॅस्पर आणि क्लुग यांनी तोड दाखवली: विटेने थोडं अंग वळवायला तयार व्हावं, मग तीच वीट काही जागी पाचाच्या आणि काही जागी सहाच्या घोळक्यात बसेल. पाचाचे घोळके नेहमी १२च. सहाचे वाढवत जायचे. १२ पंचकं आणि २० षटकं घेतली की १८० विटा होतात. काळ्या-पांढऱ्या तुकड्यांच्या जुन्या फुटबॉलमध्ये हेच १२ आणि २० तुकडे असतात, मोजून पाहावेत. पंचकं १२ पेक्षा कमी पडली तर चेंडू मिटत नाही, षटकंच लागत गेली तर सपाट पत्रा किंवा नळी होते. जुळणी घाईत झाली की अशा चुका दिसतात. विटांमधली पकड फार बळकट असेल तर पहिल्यांदा चुकीची बसलेली वीट निघतच नाही आणि कवच वाकडं राहतं. सैल पकडीत ती निघून पुन्हा नीट बसते. लहान विषाणूंची कवचं एकेका जोडाला कमकुवत आणि सगळे जोड मिळून भक्कम असतात, ती यामुळे.

काकडी मोझॅक हा १८० विटांचा चेंडू. त्याच्या विटांची आपसातली पकड तशी लेचीपेची. आरएनएचा ऋणभार आणि विटांचा धनभार यांच्या ओढीवर तो उभा असतो. त्यामुळे रिकामं कवच बनतच नाही, जास्त मीठ किंवा डिटर्जंट लागलं की विस्कटतो, आणि साध्या तापमानाला रसात थोडे दिवसच तग धरतो. मागच्या वर्षीच्या बांबू-सुतळीतून हा येत नाही, ती शंका सोडून द्यावी. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात बघताना नेहमीचा फॉस्फोटंगस्टेट रंग वापरला तर तो रंगच कण फोडतो आणि अहवाल ‘विषाणू दिसला नाही’ असा येतो. युरेनिल ॲसिटेट वापरावं, नाहीतर आधी ग्लुटारल्डिहाइडने स्थिर करावा.

त्याचा आरएनए तीन मुख्य तुकड्यांत, आणि ते वेगवेगळ्या चेंडूंत भरलेले. बाहेरून सगळे सारखे. एका पेशीत सगळे तुकडे पोचले तरच संसार सुरू होतो. हे तोट्याचं वाटतं, पण प्रत्येक डबा लहान राहतो आणि त्या एका डब्याला विटाही कमी लागतात. मावा रोगट पानात सोंड खुपसतो, कण सोंडेच्या टोकाला चिकटतात आणि पुढच्या झाडावर काही सेकंदांत सुटतात. कीटकनाशक माव्याला मारेपर्यंत हे काम झालेलं असतं, म्हणून या एका विषाणूसाठी माव्यावरच्या फवारणीकडून फार आशा धरू नये. कडेची मक्याची दाट ओळ आणि तणांचा बंदोबस्त जास्त कामाचा: मावा आधी मक्यात सोंड खुपसतो आणि तिथेच सोंड पुसली जाते. २०२० मध्ये फळांवर रंगाचे पट्टे आल्यामुळे ‘तिरंगा व्हायरस’ म्हणून जो गाजावाजा झाला, तेव्हा बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या तपासणीत हाच जुना काकडी मोझॅक सापडला होता. नाव नवं, चेंडू जुना.

पर्णगुच्छाच्या विषाणूत गंमत वेगळी आहे. त्याचा मजकूर डीएनएचा, गोल कडीसारखा, सुमारे २,७०० अक्षरांचा. साठ विटांच्या लहान चेंडूत एवढी कडी मावत नाही, साधारण निम्मी मावते. त्याने षटकांचा मार्ग न धरता दोन चेंडू घेतले, प्रत्येकाचं एक पंचक काढलं आणि उघडी तोंडं एकमेकांना जोडली. १२० वजा १० म्हणजे ११० विटा. प्रयोगात निम्म्या लांबीची कडी दिली तर एकेरी चेंडू बनतात, म्हणजे डब्याचा आकार मालावर ठरतो. ही जुळणी पेशीच्या केंद्रकात होते.

पांढरी माशी याला सोंडेवर नेत नाही, पोटात नेते. कण आतड्याच्या भिंतीतून रक्तात, रक्तातून लाळेच्या ग्रंथीत जातो, आणि प्रत्येक दारावर ओळख पटवतं ते कवच. १९९० मध्ये आफ्रिकेतल्या कसावा मोझॅकच्या विषाणूचं कवच बदलून त्याला तुडतुड्याने पसरणाऱ्या विषाणूचं चढवलं, तर तो तुडतुड्याने पसरू लागला. ज्यांचा डीएनए दोन कड्यांत असतो अशा काही विषाणूंत कवचाचं जनुक काढून टाकलं तरी झाड आजारी पडतं, पण माशी त्याला पुढे नेऊ शकत नाही. या प्रवासाला तास लागतात, सेकंद नाहीत, म्हणून इथे माशी रोखण्याला खरोखर अर्थ आहे. रोपवाटिकेला ४० ते ५० मेशची जाळी, दुहेरी दार, पिवळे चिकट सापळे. खर्च करायचा तर रोपाच्या पहिल्या महिन्यात करावा. बांधणीला आलेल्या झाडाची पानं वाटीसारखी झाल्यावर चार फवारण्या घेणं म्हणजे दुकानदाराचं भलं.

टॉस्पो थोडक्यात. याला बाहेरून चरबीचं आवरण आहे, त्यावर शर्करायुक्त प्रथिनांचे काटे, आत तीन आरएनए. झाडाच्या पेशीतले गॉल्जी नावाचे पातळ पडदे त्याच्याभोवती गुंडाळून हे आवरण मिळतं. चरबीमुळे तो झाडाबाहेर फार नाजूक. प्रयोगशाळेत रस चोळून लावायचा तर द्रावण बर्फासारखं थंड आणि ऑक्सिडीकरण रोखणारं लागतं, तेही मिनिटांत उरकायचं. मग आवरण कशाला? फुलकिड्यासाठी. नुसता हाताने झाडाझाडांत फिरवत राहिलं तर काही पिढ्यांनी काटे-आवरण गमावलेले वाण तयार होतात. झाडात सुखाने वाढतात आणि फुलकिड्याने पसरत नाहीत. विषाणू उचलतं ते फुलकिड्याचं पिल्लू आणि पसरवतो तो प्रौढ, त्यामुळे निळ्या सापळ्यावर प्रौढ मोजून फवारणी ठरवली तर आपण एक पिढी मागे असतो.

टोमॅटोवाल्यांच्या घरी बहुधा दोन-चार जनावरं असतातच, म्हणून गोठ्यातल्या एका चेंडूबद्दल. लाळ्या-खुरकूतचा विषाणू १२ पंचकांचा, प्रत्येक पंचकात चार प्रथिनांचे पाच संच. पंचकांच्या सांध्यावर हिस्टिडिन नावाचे दुवे आहेत. पीएच साडेसहाच्या खाली गेला की ते धनभारित होतात, एकमेकांना ढकलतात आणि चेंडू बारा तुकड्यांत फुटतो. पेशीत शिरण्याची त्याची खूण हीच, कारण पेशी त्याला ज्या पिशवीत गिळते ती आम्लधर्मी असते. तोच त्याचा दुबळेपणा. दहा लिटर पाण्यात २० ग्रॅम सायट्रिक आम्ल, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबाचं फूल, घातलं की ०.२ टक्क्यांचं द्रावण होतं आणि ते या विषाणूला पुरतं. किंवा दुसऱ्या टोकाने जावं, दहा लिटरला ४०० ग्रॅम धुण्याचा सोडा. दोन्ही एकत्र मात्र कधीच नाही. फेस येतो, जोरदार दिसतं, आणि आम्ल-अल्क एकमेकांना मारून बादलीत मिठासारखं पाणी उरतं. शेण आधी खरवडून काढलं नाही तर दोन्ही वाया.

लसीचंही गणित याच सांध्यांवर. लसीत मेलेला पण अखंड चेंडू असतो. अवसादनाच्या, म्हणजे जोरात फिरवल्यावर कण किती वेगाने खाली बसतो त्या मापाने त्याला १४६-एस म्हणतात. लस तापली की त्याची १२-एसची पंचकं होतात. प्रथिन तेवढंच राहतं, बाटली तशीच दिसते, आणि प्रतिकारशक्ती मात्र फार कमी येते, कारण शरीर ओळखतं तो अखंड चेंडूचा पृष्ठभाग. आपल्या लसीतल्या ओ, ए आणि एशिया-१ या तीन प्रकारांत ओ सगळ्यात लवकर फुटतो. म्हणून २ ते ८ अंश. आणि उलट बाजूची चूकही तितकीच वाईट: बाटली सरळ बर्फात रुतवून गोठवली की तेलाचं मिश्रण फाटतं. शीतपेटीत बर्फ आणि बाटल्यांच्या मध्ये पुठ्ठा ठेवावा, आणि उघडलेली बाटली उद्यासाठी ठेवू नये.

लम्पीचा विषाणू याच गोठ्यात असला तरी वरचा हिशोब त्याला लावू नये. तो ३०० नॅनोमीटरच्या आसपासचा, विटेच्या आकाराचा, आवरणवाला, देवीच्या कुळातला. आवरण असूनही तो गाठीवरच्या वाळलेल्या खपलीत महिनाभर आणि त्याहून जास्त टिकतो, कारण खपलीतलं सुकलेलं प्रथिन त्याच्यावर आणखी एक कवच चढवतं. झाडलोटीत पडलेल्या खपल्या वेचून जाळाव्या लागतात. त्यांच्यावर नुसतं फवारलेलं द्रावण वरच्या वर ओघळून जातं.